पिस्तुलाचा लाकडी दस्ता : ओळख आणि जपणूक



कुऱ्हाडीचा दांडा मोडला तर आपण काय करतो? बाभळीचं बरं लाकूड पाहतो, सुताराकडून नवा दांडा बसवून घेतो, आणि जुना दांडा चुलीत जातो. त्याबद्दल कोणी हळहळत नाही. पण आज मी तुम्हांला अशा एका दांड्याची हकीगत सांगणार आहे, की जो जुन्या वस्तूंचे संग्राहक मूळ हत्याराइतकाच जपतात. हा दांडा म्हणजे लष्करी पिस्तुलाला मागून जोडायचा, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता.

तुम्ही म्हणाल, पिस्तूल तर हातात धरायचं. त्याला दस्ता कशाला? एक साधा प्रयोग करून पाहा. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या हात लांब करून धरा. थोड्याच वेळात हात थरथरू लागतो आणि पाणी सांडतं. तोच तांब्या छातीशी घेऊन दोन्ही हातांनी धरला तर थेंब सांडत नाही. पिस्तुलाचंही तसंच आहे. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना फळ्यावर हे गणित जरूर दाखवावं. नळी नुसती एक अंश हलली, तर ५० मीटरवर नेम सुमारे ८७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन हात चुकतो. दस्ता खांद्याला लागला, गाल त्यावर टेकला, की हा कंप पुष्कळ कमी होतो.

ही युक्ती घोडेस्वारांसाठी फार उपयोगी पडली. अमेरिकेच्या सैन्यात १८५५ सालच्या नमुन्याचं एक पिस्तूल होतं. त्याची नळी १२ इंचांची. स्वार घोड्यावर असला की ते एका हाताने चालवायचा, आणि खाली उतरला की मागे दस्ता जोडून त्याची आखूड बंदूक करायचा. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात अशी जेमतेम चार हजार पिस्तुलं झाली. पुढे कोल्ट कंपनीच्या १८६० च्या लष्करी रिव्हॉल्व्हरलाही असा दस्ता मिळत असे. ज्या रिव्हॉल्व्हरला तो बसायचा, त्याच्या सांगाड्यावर नेहमीच्या तीन स्क्रूंऐवजी चार स्क्रू आढळतात. चौथ्या स्क्रूच्या बाहेर आलेल्या डोक्यांवर दस्त्याचा पुढचा भाग टेकतो. ओळखीची ही पहिली खूण ध्यानात ठेवा : दस्ता ओळखायचा असेल तर तो जिथे जोडला जातो ती जागा आधी पाहावी.

सगळ्यांत प्रसिद्ध दस्ता जर्मनीतल्या माउझर पिस्तुलाचा. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावच्या कारखान्यात १८९६ पासून हे पिस्तूल बनू लागलं. त्याचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि आतून पोकळ असतो. रुंद टोकाला बिजागरीचं झाकण, अरुंद टोकाला लोखंडी जोड. पिस्तूल आत ठेवलं की दस्ता म्हणजे म्यान. पिस्तूल बाहेर काढून त्याच्या मुठीमागच्या खाचेत लोखंडी जोड सरकवला की तोच दस्ता खांद्याचा आधार. एका वस्तूत दोन कामं! चीनमध्ये ही पिस्तुलं अतोनात खपली. तिथल्या लोकांनी या लाकडी पेटीवरूनच त्याला ‘पेटी-तोफ’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि तिथल्या कारखान्यांत त्याच्या नकलाही झाल्या.

दुसरा दस्ता लूगर पिस्तुलाचा. जर्मन तोफखान्यासाठी १९१३ साली त्याचा लांब नळीचा प्रकार मंजूर झाला. नळी २०० मिलिमीटर, आणि दस्ता पोकळ नव्हे, तर चपट्या फळीसारखा. पिस्तुलाचं चामडी म्यान या फळीलाच पट्ट्यांनी बांधलेलं असे. तेव्हा पोकळ पेटी दिसली तर माउझरचा घराणा आठवावा, आणि चपटी फळी दिसली तर लूगरचा. हा झाला पहिला अंदाज. खरी परीक्षा पुढेच आहे.

ती परीक्षा असते आकड्यांची. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पिस्तुलावर अनुक्रमांक ठोकलेला असतो, आणि पुष्कळदा तोच क्रमांक दस्त्याच्या लोखंडी जोडावरही असतो. दोन्ही क्रमांक जुळले, तर ही जोडी जन्मापासूनची आहे असं मानायला आधार मिळतो. जुळले नाहीत, तर मधल्या काळात कुणीतरी एकाचा दस्ता दुसऱ्याला लावला आहे. बाजारात पहिल्या जोडीला मोठी किंमत येते, म्हणूनच लबाडीही इथेच होते.

पण आकड्याचं मोल पैशापुरतंच नाही, बरं का. आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. २६ ऑगस्ट १९१४ या दिवशी कलकत्त्यात रॉडा कंपनी या शस्त्रांच्या पेढीचा माल जकात कचेरीतून सोडवायचा होता. श्रीशचंद्र मित्र नावाच्या कारकुनाकडे ते काम होतं. त्याने २०२ खोकी सोडवली, कंपनीच्या वखारीत मात्र १९२ च पोचवली. उरलेली आणतो म्हणून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही. त्या १० खोक्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. ती बंगालच्या क्रांतिकारकांच्या हाती पडली. पुढल्या वर्षी, ९ सप्टेंबर १९१५ ला, बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांशी लढले, तेव्हा त्यांच्या हातांतही माउझर पिस्तुलंच होती. जतीन दुसऱ्या दिवशी जखमांनी गेले.

१९१८ साली सरकारी समितीचा अहवाल निघाला. त्यात या पिस्तुलांचं वर्णन करताना मुद्दाम नमूद केलं आहे, की ज्या पेटीत पिस्तूल येतं तीच पेटी मुठीला जोडली की ते बंदुकीसारखं खांद्यावरून झाडता येतं. म्हणजे सरकारला धास्ती नुसत्या पिस्तुलाची नव्हती, तर या लाकडी पेटीचीही होती! त्याच अहवालात असंही आहे, की पिस्तुलांवर कारखान्याचे क्रमांक होते आणि कंपनीने त्यांची टिपणं ठेवली होती. त्यामुळे कुठे एखादं पिस्तूल सापडलं तर ते त्याच पन्नासांतलं की नाही, हे सांगता येत होतं. अहवाल निघाला तोवर ५० पैकी ३१ पिस्तुलं सरकारच्या हाती परत आली होती.

आता विचार करा. उरलेल्यांपैकी एखाद्या पिस्तुलाची रिकामी पेटी कुठल्याशा माळ्यावर पडून असेल, आणि घरच्यांनी ती लखलखीत दिसावी म्हणून काचकागदाने घासली, लोखंडावरचा गंज कानशीने काढला, तर काय होईल? क्रमांक जाईल. क्रमांक गेला की साक्षीदार मुका झाला. मग उरतं ते नुसतं अक्रोडाचं लाकूड.

म्हणून खरा आणि नकली दस्ता ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. त्यासाठी एक भिंग, एक मोजपट्टी आणि एक बॅटरी पुरेशी आहे.

पहिली गोष्ट, झीज पाहा. जिथे हात, गाल आणि कमरेचा पट्टा लागतो तिथेच खरी झीज होते. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती मुद्दाम केलेली समजावी. दुसरी गोष्ट, पेटीच्या आत उजेड टाका. बाहेरून रंग देऊन लाकूड जुनं दाखवता येतं; आतला ताजा, फिकट पृष्ठभाग मात्र बहुधा चुगली करतो. वर्षानुवर्षं पिस्तूल राहिलेल्या पेटीत तेलाचे डाग आणि लोखंड घासल्याचे वळ असतात. तिसरी गोष्ट, स्क्रू पाहा. जुन्या दस्त्याच्या स्क्रूला एकच सरळ खाच असते. अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या काळात प्रचारात आले. १९०० सालच्या दस्त्यावर असा स्क्रू असेल, तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा आहे. चौथी गोष्ट, आकडे भिंगातून पाहा. आकड्यांच्या खोलीतलं लोखंड भोवतालच्या लोखंडाइतकंच जुनं दिसायला हवं. आकड्यांभोवती खोलगट, घासल्यासारखी जागा असेल, तर पहिला क्रमांक काढून दुसरा ठोकला असण्याचा संभव आहे. पाचवी गोष्ट, जोड नीट बसतो का हे पाहणं. पण ते जाणत्याने, परवान्याच्या जागीच करावं.

कारण कायदा विसरून चालणार नाही. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे भागही येतात. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो, आणि त्या खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा जुन्या वाड्यात, माळ्यावर वा अडगळीत असं काही सापडलं तर लपवू नका, विकू नका. पोलीस ठाण्यात कळवा. सोबत पिस्तूल असेल तर त्याला हातही लावू नका. जुन्या पिस्तुलातही काडतूस असू शकतं.

आणि गुरुजी, तुमच्याकडे एक विशेष विनंती. वस्तू सरकारजमा होण्याआधी तिची हकीगत कागदावर उतरवून ठेवा. कुठे सापडली, कोणत्या खोलीत, केव्हा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल काय आठवतं, लाकडावर-लोखंडावर कोणते आकडे, कोणती अक्षरं दिसतात, हे सगळं जसंच्या तसं लिहा. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. घासू नका, तेल चोळू नका, रोगण तर मुळीच लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी झटका. एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवा, एक वस्तूबरोबर द्या, आणि ती संग्रहालयाला दाखवावी अशी लेखी विनंती करा.

कुऱ्हाडीचा दांडा बदलला तरी कुऱ्हाड लाकूड तोडतेच. पण या दांड्याचं काम आता नेम धरण्याचं राहिलेलं नाही. कोण, केव्हा, कुठे, हे सांगण्याचं काम त्याच्याकडे उरलं आहे. ते त्याला करू द्यावं, एवढंच आपल्या हाती आहे.