डावा की उजवा? आधी कागद वाचा!

मंडळी, मूल झोपाळ्यावरून पडतं तेव्हा हात पुढे टेकतं आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे फार दिसतं. आजी-आजोबांनी घाबरू नये, पण तेल लावून चोळूही नये. हात आहे तसा आधार देऊन थेट हॉस्पिटल गाठावं.

मुलांनो, तिथे डॉक्टर तुम्हाला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगतील. हा खेळ नव्हे! हाताची नस शाबूत आहे का, ते त्यावरून कळतं. मनगटाची नाडीही बघतात.

मग हे सगळं लिहावं लागतं: हात कुठला, हाड सरकलं का, कातडी फाटली का, मूल कसं पडलं. त्यावरून कोड ठरतो. इथे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० चे कोड वापरतात. असं साधं पण सरकलेलं फ्रॅक्चर उजव्या हाताला असेल तर एस ४२.४११, डाव्याला एस ४२.४१२. फरक एका आकड्याचा! कातडी फाटली नसेल तर उपचार चालू असताना शेवटी 'ए' लावतात. पुढे हाड नीट जुळत असताना तपासणीला गेलात की 'डी'.

आकडा चुकला तर विमा कंपनी बिल परत पाठवू शकते आणि पुढचा डॉक्टरही गोंधळतो. म्हणून निघण्याआधी कागद मागून घ्या, चष्मा लावा आणि हात बरोबर लिहिलाय ना ते बघा. चुकलं असेल तर तिथेच सांगा, लाजू नका. आणि मुलांनो, आजीला इंग्रजी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.