दृष्टांत दिसला, दार्ष्टांतिक कुठे गेलं?

मंडळी, व्याख्यानात चित्र, ध्वनी, पडदा, वस्तू ही साधनं कशी वापरावीत, हा आजचा विषय. रिद्धपुरात बसून हा विषय बोलायचा तर लांब कुठे जायला नको, असं आम्हांला वाटतं. तेराव्या शतकात केशोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात 114 दृष्टांत आहेत, आणि मांडणी तीन भागांची: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगायचा सिद्धांत. दृष्टांत म्हणजे डोळ्यांपुढे उभं राहणारं चित्र. सूत्र आणि दृष्टांत हे दोन्ही चक्रधरस्वामींचे. दार्ष्टांतिक मात्र केशोबासांनी लिहिलं. त्या चित्रातलं नेमकं काय सिद्धांताला लागू पडतं, ते त्यात सांगितलेलं असतं.

हा तिसरा भाग त्यांना का लिहावासा वाटला असेल? आंधळे आणि हत्ती हा दृष्टांत घ्या. तो त्या ग्रंथात आहे. कुणाच्या हाती पाय लागला, कुणाच्या कान. ज्याला जे लागलं तोच त्याचा हत्ती. नुसती एवढी गोष्ट सांगून आम्ही खाली बसलो, तर ऐकणाऱ्यांपैकी एक म्हणेल, ‘सगळेच खरे’. दुसरा म्हणेल, ‘सगळेच खोटे’. तिसरा म्हणेल, ‘डोळस माणसाला विचारा’. चित्र एकच, अर्थ तीन! चित्र स्वतःहून बोलतं, हा समजच आम्हांला मान्य नाही. न्यायशास्त्रातही बघा. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. उदाहरण कशाचं, तर स्वयंपाकघराचं. पण उदाहरणानंतर ‘उपनय’ नावाचा वेगळा अवयव ठेवलाय: तसाच धूर या डोंगरावर आहे. नैयायिकांनाही उदाहरण मोकळं सोडवलं नाही.

आता आपले पडद्यावरचे कार्यक्रम आठवा. चित्र येतं, वक्ता ‘हे बघा’ म्हणतो, आणि बटण दाबून पुढे जातो. दार्ष्टांतिक राहिलंच की! दुसरा प्रकार याच्या उलटा. सगळं सूत्रच पडद्यावर छापलेलं, आणि वक्ता तेच वाचून दाखवतो. ऐकणारा डोळ्यांनी पुढे पळतो, कान मागे राहतात. पडद्यावर चार शब्द पुरतात हो. बाकीचं तोंडानं सांगावं, त्यासाठीच तर आपल्याला बोलावलेलं असतं.

प्रत्येक साधनाचं काम वेगळं असतं, हेही इथेच शिकता येतं. महदाइसेचे ‘धवळे’ घ्या. ती लग्नप्रसंगी म्हणायची गाणी. त्यांचा अर्थ पडद्यावर मांडता येईल, चाल नाही मांडता येणार. तिथे कुणीतरी म्हणूनच दाखवलं पाहिजे, आणि म्हणताना पडदा कोरा हवा. ‘स्थानपोथी’चं उलटं आहे. स्वामी कुठे राहिले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, हे ती पोथी शब्दांत सांगते. तो मजकूर वाचून दाखवला तर दोन मिनिटांत श्रोता हरवतो. फळ्यावर खडूनं आराखडा काढत काढत सांगा, लगेच ध्यानात येतं. तयार नकाशापेक्षा आम्ही खडूच पसंत करतो, कारण हाताचा वेग आणि समजण्याचा वेग जवळजवळ सारखाच असतो.

वस्तूचं सामर्थ्य पाहायचं तर आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा. दिवसा हातात झाडू, गाव स्वच्छ करायचं, रात्री कीर्तन. कीर्तनातही नुसतं सांगणं नाही, लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. झाडूचं दार्ष्टांतिक आधीच गावभर झालेलं असे. शंभर चित्रं दाखवून हे साधत नाही बरं का.

एक प्रयोग सुचवतो. महानुभावांच्या कितीतरी पोथ्या सकळ लिपीत आहेत. ही सांकेतिक लिपी. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ती विसाव्या शतकापर्यंत वाचता येत नव्हती, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली. अशा पानाचं छायाचित्र पडद्यावर लावा आणि अर्धं मिनिट काहीच बोलू नका. लोक वाचायचा प्रयत्न करतील, अडतील, शेजाऱ्याला विचारतील. मग त्याच ओळी साध्या देवनागरीत दाखवा. लिपी म्हणजे कुलूप होतं, हे सांगायला आता दोन वाक्यं पुरतील. छायाचित्र दाखवतानाच तुम्ही बोलत राहिलात, तर मात्र ते पान नुसती शोभा.

बरं, आता पडदा बंद करू. प्रश्न विचारा. दिवे लावा कुणीतरी, मागच्यांचे चेहरे दिसत नाहीयेत आम्हांला.