बाबा लाइनवर आहेत

रायगडच्या किनाऱ्यावर बाप घरात नसणं ही नवलाई नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातली कितीतरी माणसं कुवेत, सौदी, कतारला नोकरीला आहेत. कोणी व्यापारी जहाजावर, एकदा चढले की सहा-सहा, नऊ-नऊ महिने परत नाहीत. कोणी मुंबईत, शनिवारी रात्री उशिरा एसटीतून उतरणारे. कोळीवाड्यात नाखवा दर्यावर. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी हेच त्याचं सलग घरी असणं. मुलं आई, आजी, काकूच्या हाताखाली वाढतात आणि बापपण चालतं व्हिडिओ कॉलवर. "अभ्यास केलास का? आईला त्रास देऊ नको. दे आईकडे."

अशा घरांसाठी ऑनलाइन समुपदेशनाचा पहिला फायदा सांगितला जातो तो प्रवास वाचण्याचा. तो आहेच. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. रायगड नेमका ठाणे आणि रत्नागिरीच्या मध्ये सापडलेला. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, पण श्रीवर्धनहून तिथे जायचं म्हणजे माणगावची वाट धरा नाहीतर दिघीची फेरीबोट पकडा, जाऊन-येऊन दिवस मोडतो. शिवाय मुलगा शाळेत जायला नको म्हणतो एवढ्यावरून त्याला 'तसल्या' डॉक्टरकडे नेलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असतं.

तरी मला हा फायदा दुय्यम वाटतो. समजा, म्हसळ्यातला दहा वर्षांचा मुलगा. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं, मोबाइल काढून घेतला की भांडी आपटतो. आई कुवेतला फोन लावते, बाप तिथून ओरडतो, आजी मध्ये पडून नातवाला मोबाइल परत देते. दवाखान्यात गेले तर जाणार कोण? आई आणि मुलगा. म्हणजे भांडणातली दोन माणसं खोलीत, दोन बाहेर. ऑनलाइन बैठकीत बाप बसू शकतो. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारची संध्याकाळ ठरवली की झालं. जहाजावरच्या माणसाचंही आता अगदीच अशक्य नाही. खलाशांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातली दुरुस्ती डिसेंबर २०२४मध्ये लागू झाली. शक्य असेल तिथे जहाजावर इंटरनेट द्या, असं ती मालकांना सांगते.

बाप बसणं एवढं महत्त्वाचं का, हे समजायला अमेरिकेतल्या ऑरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांचं काम बघावं. घरातली रोजची भांडणं त्यांनी बारकाईने नोंदवली. मूल कुरकुरतं, आई नाही म्हणते, मूल आवाज चढवतं, आई थकून हो म्हणते. मुलाला कळतं की ओरडलं की मिळतं; आईला कळतं की दिलं की घर शांत होतं. दोघं एकमेकांना शिकवत असतात आणि पुढचं भांडण एक पट्टी वरून सुरू होतं. त्यामुळे लहान मुलांच्या आडदांड वागण्यावरच्या उपचारात खरा धडा मोठ्यांना असतो, आणि त्यात दूर असलेला बापही आला. समुपदेशकाने मुलाला चार गोष्टी समजवाव्यात, आपण फोन त्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जावं, ही आपली कल्पना इथे उपयोगाची नाही.

याच विचारातून मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात एक पद्धत बसवली. आई मुलाशी खेळते, तिच्या कानात छोटं यंत्र; एकतर्फी काचेच्या मागून तज्ज्ञ बघतो आणि कानात सांगत राहतो: आता कौतुक करा, आता दुर्लक्ष करा, आता एकच सूचना आणि तीही शांतपणे. या काचेची जागा इंटरनेटने सहज घेतली. जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची ४० मुलं होती. घरून ऑनलाइन उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्यांचा प्रतिसाद उत्तम होता, दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी २० टक्क्यांचा. चाळीस मुलांवरून फार उड्या मारू नयेत. पण ज्या खोलीत मूल रुसतं त्याच खोलीत आईला शिकवलेलं टिकतं, हे पटायला जड नाही.

दुरून सल्ला घेणं नवीन आहे असंही नाही. फ्रॉइड यांनी १९०९मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लिटल हान्स'च्या प्रकरणात घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे उपचार त्याच्या वडिलांमार्फतच झाले. उपचाराच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला भेटले एकदाच. मराठीत र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'ने १९२७ ते १९५३ या काळात वाचकांच्या अतिशय खासगी प्रश्नांना छापील उत्तरं दिली. मुलांशी कसं वागावं हे ताराबाई मोडकांची 'शिक्षणपत्रिका' सांगत होती. १९८७पासून पुण्याहून 'पालकनीती' निघतं. जे तोंडाने बोलवत नाही ते दूरच्या माणसाला लिहायचं, ही सवय मराठी घरांना जुनी आहे.

आज सोपी सुरुवात म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मुख्य संस्था. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन करते. ठाण्याच्या आयपीएचचं, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेचं नाव तर रायगडातही माहीत आहे. मात्र हेल्पलाइनवरचा एक फोन म्हणजे कुटुंबाचे उपचार नव्हेत. तिथून पुढे कोणाकडे जायचं, एवढं विचारून घ्यावं. खासगी समुपदेशक निवडताना शिक्षण आणि अनुभव खुशाल विचारावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, नुसतं समुपदेशक असं तर कोणीही लिहितं.

मग अडतं कुठे? बोलायचं कुठे बसून, इथेच. ओटी, पडवी, माजघर, सगळं एकमेकांत उघडणारं. सासू पलीकडे तांदूळ निवडत असताना सून नवऱ्याविषयी काय बोलणार? रेंज मिळते ती वाडीच्या टोकाला, नाहीतर रस्त्यावर. अशा वेळी हेडफोन हवेत आणि उत्तरं 'हो', 'नाही'त देता येतील असे प्रश्न विचारणारा समुपदेशक हवा. पावसाळ्यात वीज गेली की तेही नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथेच धडकलं, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, फोन मुके झाले. टाळेबंदीने आधीच घरात कोंडलेल्या माणसांना बोलायची सर्वाधिक गरज होती, त्याच दिवसांत. आशाताई आणि अंगणवाडीताईंना या कामातून वगळून चालणार नाही, ते यासाठी.

घरात मारहाण असेल तर सगळ्यांना एका स्क्रीनवर बसवणं धोक्याचंच. मार खाणारा मारणाऱ्यासमोर खरं बोलणार नाही आणि बोललाच तर कॉल संपल्यावर त्याची किंमत मोजेल. तिथे आधी मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर पुढच्या शुक्रवारची वाट बघू नये, रुग्णालय गाठावं.

आणि आजी. मोबाइल परत देणारी तीच, रात्री गोष्ट सांगणारी तीच, पण बैठकीचं आमंत्रण तिला सहसा नसतं. 'तिला काय कळतंय' म्हणून तिला वगळलं, तर तिथे ठरलेला नियम ती दुसऱ्या दिवशी दुपारी मोडणार, आणि तिच्या जागेवरून पाहिलं तर बरोबरच करणार. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवावा, आवाज मोठा करावा. ती आगरी किंवा कोळी बोलीत बोलेल, वाक्यं अर्धी सोडेल, मध्येच उठून चुलीवरचं बघून येईल. समुपदेशक पुण्याचा असेल तर त्याने न लाजता पुन्हा विचारावं: "आजी, काय म्हणालात?"