ठेवी इथल्या, कर्जे तिकडे
(लेखांक ६)

अमेरिकेत १९३० च्या दशकात ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी ‘धोकादायक’ ठरल्या, हे आपण मागच्या लेखांकात पाहिले. १९६८ च्या कायद्याने घरकर्जातल्या वांशिक भेदभावावर बंदी आली. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यात १९७६ साली वंशाचाही समावेश झाला. तरीही १९७७ मध्ये ‘कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अॅक्ट’ करावा लागला, आणि माझ्या मते तो अटळच होता. बंदीचा कायदा दाद मागणाऱ्यावर अवलंबून असतो. ज्या वस्तीत बँक फिरकतच नाही, तिथे ना अर्ज होतो ना नकार मिळतो, मग खटला कोणी आणि कशावर भरायचा? शिकागोच्या ऑस्टिन भागातल्या गेल सिन्कोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच दुखणे धरले. लोकांच्या ठेवी बँक घेते आणि कर्जे मात्र उपनगरांत वाटते, ही त्यांची तक्रार होती. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी तिला कायद्याचे रूप दिले. बँकेचा परवाना ही जनतेने दिलेली सवलत आहे, तेव्हा जिथून ठेवी येतात तिथली कर्जाची गरज भागवणे हे बँकेचे कर्तव्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या कर्तव्याला धार आली ती आकडेवारीमुळे. १९७५ च्या कायद्याने बँकांना घरकर्जांचा वस्तीनिहाय तपशील उघड करावा लागला. तोच तपासून १९८८ मध्ये अटलांटातल्या एका दैनिकाने दाखवले, की सारख्याच उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये गोऱ्यांच्या वस्त्यांना कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या सुमारे पाचपट घरकर्जे मिळत होती. गरिबीमुळे कर्ज नाकारले जाते, ही सबब त्या एका तुलनेने निकालात निघाली. बँकेला शाखा उघडायची असो वा विलीनीकरण करायचे असो, नियामक तिची या बाबतीतली कामगिरी पाहतात. नागरिकांच्या संघटनांना आपले म्हणणे वजनाने मांडता येते ते तिथेच.

१९७७ च्या याच कायद्याने बँकांना बुडीत कर्जे वाटायला लावली आणि त्यातून २००८ चे संकट आले, असा आक्षेप आजही ऐकू येतो. पुरावा त्याच्या विरोधात आहे. फेडरल रिझर्व्हच्या अभ्यासानुसार २००६ मधल्या चढ्या व्याजाच्या घरकर्जांपैकी जेमतेम ६ टक्के कर्जे या कायद्याखालच्या संस्थांनी आपापल्या कार्यक्षेत्रातल्या अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांना किंवा वस्त्यांना दिली होती. संकटाची चौकशी करणाऱ्या आयोगानेही २०११ मध्ये या कायद्याला महत्त्वाचे कारण मानले नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि मला तो जास्त खरा वाटतो. नियामकांच्या या परीक्षेत जवळपास सगळ्याच बँका उत्तीर्ण होतात. शिवाय मूल्यमापनाचा मुख्य निकष उत्पन्नाचा आहे, वंशाचा नाही, त्यामुळे ज्या अन्यायातून कायदा जन्मला तोच त्यात थेट मोजला जात नाही. पण कायदा रद्द करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सर्वांत मोठी पळवाट वेगळीच आहे: ठेवी न घेणाऱ्या घरकर्ज कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि आज अमेरिकेतली निम्म्याहून अधिक घरकर्जे त्याच देतात. ही पळवाट बुजवता येते. मॅसॅच्युसेट्सने २००७ मध्ये आणि इलिनॉयने २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यांनी या कंपन्यांनाही बांधून घेतले. देशाच्या कायद्यात ती तरतूद अजून झालेली नाही.