वॉलेट शून्य दाखवते तेव्हा

मुलगा पुण्यात किंवा दुबईत नोकरीला असतो. त्याने कधीतरी थोडे बिटकॉइन घेऊन घरच्या संगणकावरच्या वॉलेटमध्ये ठेवलेले असतात. वर्षभराने वॉलेट उघडावे, तर शिल्लक शून्य, कोपऱ्यात लाल खूण आणि जोडणी नसल्याचा संदेश. घरात एकच घबराट उडते : पैसे गेले!

बहुतेक वेळा पैसे कुठेही गेलेले नसतात. पण ते पुन्हा दिसावेत म्हणून पुढच्या तासाभरात जी धडपड होते, तिच्यात मात्र ते खरोखर जाऊ शकतात. म्हणून बिघाड झाल्यावर काय करावे याइतकेच काय करू नये, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. क्रिप्टोचा व्यवहार जायज की नाजायज, यावर उलेमांचे एकमत नाही. इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिप्टोचा चलन म्हणून वापर हराम म्हटला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने मात्र २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला अटींसह मुभा दिली. आपण काय करावे, हे आपल्या विश्वासातल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच ठरवावे. पण ज्याच्याकडे हा माल आहेच, त्याला तो विकून मोकळे व्हायचे असले तरी वॉलेट आधी चालू व्हायला हवे.

पैसा असतो कुठे?

वॉलेट म्हणजे पाकीट, पण या पाकिटात पैसा नसतो. बिटकॉइनचा सगळा हिशेब एका सार्वजनिक खतावणीत लिहिलेला असतो. ३ जानेवारी २००९ पासूनची ही खतावणी जगभरातल्या हजारो संगणकांवर जशीच्या तशी ठेवलेली आहे. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. आपल्या वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली. वॉलेट नोडला विचारते, ‘या किल्लीच्या नावावर किती जमा आहे?’ आणि उत्तर पडद्यावर दाखवते. नोडशी संपर्क तुटला की उत्तर येत नाही. पासबुक छापणारे यंत्र बंद पडले म्हणून बँकेतली रक्कम नाहीशी होत नाही, तसेच हे आहे.

डेस्कटॉप वॉलेट मुख्यतः दोन तऱ्हेची. बिटकॉइन कोअर हे स्वतःच नोड असते. ते संपूर्ण खतावणी उतरवून तपासते. ती आता सहाशे जीबीच्या वर गेली आहे, त्यामुळे साध्या संगणकावर पहिल्यांदा हे काम कित्येक दिवस चालते. इलेक्ट्रम हे २०११ पासूनचे हलके वॉलेट. ते खतावणी उतरवत नाही, इतरांच्या सर्व्हरला विचारते.

पहिली तपासणी

सर्वांत आधी आपला पत्ता सार्वजनिक खतावणीत पाहावा. ज्या पत्त्यावर पैसे आले होते तो पत्ता मेमपूल डॉट स्पेससारख्या संकेतस्थळावर टाकला की जमा आणि खर्च दोन्ही दिसतात. पत्ता दाखवल्याने चोरी होत नाही, तो खाते क्रमांकासारखा असतो. तिथे रक्कम दिसत असेल तर बिघाड सॉफ्टवेअरचा आहे, निवांतपणे दुरुस्त करता येईल. रक्कम पत्त्यावरून बाहेर गेलेली दिसली तर आधी वॉलेटचा इतिहास पाहावा. आपण काही रक्कम पाठवली की उरलेले सुटे आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येतात. पण आपण काही पाठवलेच नसेल तर ती चोरी समजावी. मग सॉफ्टवेअर कितीही दुरुस्त केले तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, संगणक फॉरमॅट करू नये. इलेक्ट्रमची किल्ली बारा इंग्रजी शब्दांत मिळते, त्यांना सीड म्हणतात. ते शब्द कागदावर असतील तर कोणत्याही संगणकावर वॉलेट पुन्हा उभे करता येते. बिटकॉइन कोअर मात्र असे शब्द देत नाही. तिथे वॉलेटची फाइल हीच किल्ली. तिची प्रत पेनड्राइव्हवर न घेता दुकानदाराने विंडोज नव्याने टाकले, तर किल्ली कायमची गेली.

बिघाड आणि उपाय

इलेक्ट्रममध्ये खाली उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका असेल तर सर्व्हरशी जोडणी नाही. इंटरनेट पाहावे, संगणकाची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहावे. ती चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते. कार्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर लागणारा मार्ग बंद केलेला असतो, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावा. मग नेटवर्कच्या खिडकीत सर्व्हर आपोआप निवडण्याचा पर्याय चालू करावा. सर्व्हर मागे पडल्याचा संदेश आला तर दुसरा सर्व्हर निवडणे एवढाच उपाय.

जोडणी ठीक, तरी शिल्लक शून्य? मग बहुधा दुसरीच वॉलेट फाइल उघडली आहे, किंवा सीड टाकताना प्रकार चुकला आहे. दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटचे शब्द इलेक्ट्रममध्ये टाकताना ‘बीआयपी ३९’ हा पर्याय निवडावा लागतो. पत्त्यांचा प्रकारही जुळावा लागतो, कारण १ ने, ३ ने किंवा बीसी१ ने सुरू होणारे पत्ते वेगवेगळ्या प्रकारचे असतात. प्रकार चुकला की शब्द बरोबर असूनही वॉलेट रिकामे दिसते.

बिटकॉइन कोअर अडकले असेल तर आधी डिस्कवर जागा आहे का पाहावी. जागा कमी असेल तर ‘प्रून’ची सोय वापरता येते. त्यात जुना भाग तपासून पुसला जातो आणि खतावणीचा किमान ५५० एमबी भाग ठेवूनही काम चालते. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएस असलेला बरा. हिशेब लिहिला जात असताना संगणक एकाएकी बंद पडला तर आतली माहिती बिघडून सगळी तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

पाठवलेली रक्कम पोहोचत नसेल तर बहुधा शुल्क कमी लावलेले असते. सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवे पान खतावणीला जोडले जाते आणि जास्त शुल्काचे व्यवहार आधी घेतले जातात. इलेक्ट्रममध्ये शुल्क मागाहून वाढवता येते.

चोर ‘दुरुस्ती’च्या वेशात

डिसेंबर २०१८ मध्ये काही चोरट्यांनी इलेक्ट्रमच्या जाळ्यात आपले सर्व्हर घुसवले. ग्राहक पैसे पाठवू लागला की सर्व्हर व्यवहार नाकारी आणि पडद्यावर संदेश येई : ‘आपले वॉलेट जुने झाले आहे, या दुव्यावरून नवे उतरवून घ्या.’ संदेश खऱ्या वॉलेटच्या आतच दिसत असल्याने लोकांचा विश्वास बसला. उतरवलेले वॉलेट बनावट होते. थोड्याच दिवसांत सुमारे अडीचशे बिटकॉइन चोरीला गेले. पुढच्या आवृत्त्यांत ही फट बुजवली गेली, पण जुनी आवृत्ती वापरणारे तसेच राहिले. २०१७ पासून वॉलेट न उघडलेल्या एका माणसाने २०२० मध्ये ते उघडले, ‘सुधारणा’ बसवली आणि १,४०० बिटकॉइन गमावल्याचे सांगितले.

त्यांच्या संगणकाचा बिघाड मामुली होता. घात केला तो घाईने. म्हणून नवी आवृत्ती घ्यायची तर इलेक्ट्रम डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करून घ्यावी आणि शक्य असल्यास तिथली डिजिटल सही तपासावी. संदेशातल्या दुव्यावर किंवा शोधयंत्रातल्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. मदतीच्या नावाने कोणी बारा शब्द मागितले किंवा एनीडेस्क लावायला सांगितले, तर तो चोर समजावा. सीडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. मात्र या व्यवहारात बँकेसारखा उलटा व्यवहार करून पैसे परत देणारा कोणी नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

किल्ली आणि हकदार

कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवण्याची ही शिकवण इथे फार मोलाची ठरते. घरातला कर्ता अचानक गेला तर दुकान, जमीन, बँकेतले खाते यांचा माग लागतो. बारा शब्दांचा लागत नाही. पत्नीचा हक्क, मुलीचा हिस्सा, फेडायचे कर्ज, सगळे त्या खतावणीत दिसत राहते आणि कोणाच्याही हाती येत नाही. हकदाराचा हक्क असा बुडवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तेव्हा शब्द कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावेत, दागिन्यांसारखे कुलपात ठेवावेत आणि तो कागद कशाचा व कुठे आहे, याची नोंद वसीयतनाम्यासोबत असावी. वर्षातून एकदा, जकातीचा हिशेब कराल त्याच दिवशी, कागद जागेवर आहे का आणि अक्षरे वाचता येतात का, एवढे पाहून घ्यावे.