मोहेरचं अस्वल पाळण्यात नको

‘हाताने शिवलंय, खरी लोकर आहे, प्लास्टिकचा कणही नाही. मग बाळाला द्यायला याहून सुरक्षित काय असणार?’ मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची, टेडी बेअर करणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावं लागतं. बारशाला द्यायला, पहिल्या वाढदिवसाला, परदेशातल्या नातवंडाला पाठवायला असं अस्वल हवं असतं. ‘हे लहान मुलासाठी नाही’ असं सांगितलं की समोरचा नाराज होतो. काही विक्रेते ती नाराजी नको म्हणून गप्प बसतात आणि अस्वल बांधून देतात. मला खरा राग येतो तो या गप्प बसण्याचा.

तेव्हा सरळ सांगते. हाताने केलेलं पारंपरिक पद्धतीचं मोहेरचं अस्वल ही मोठ्यांनी जपायची वस्तू आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ते देऊ नये आणि तान्ह्याच्या पाळण्यात तर मुळीच ठेवू नये.

का, हे अस्वल कसं तयार होतं ते पाहिलं की कळतं. मोहेरचं कापड म्हणजे सुती विणीवर उभी राहिलेली मोहेरची लव. कापडाच्या उलट बाजूवर नमुना आखायचा, लव कुठल्या दिशेला झुकते त्याचा बाण काढायचा आणि कात्रीच्या टोकाने फक्त सुती तळ कापायचा, लव कापू द्यायची नाही. तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवायचं आणि शिवताना शिवणीत येणारी लव सुईने आत सारायची. इथपर्यंतचं सगळं काम मऊ आहे. पुढे धातू येतो. हात, पाय, मान फिरती राहावी म्हणून प्रत्येक सांध्यात हार्डबोर्डच्या दोन चकत्या, वॉशर आणि एक कॉटर पिन असते. पिनेची दोन टोकं पकडीने वळवून घट्ट केली की सांधा बसतो. डोळे काचेचे असतात आणि त्यांच्या मागे तारेचा फासा असतो. त्या फाशातून मेण लावलेला मजबूत दोरा ओवायचा, लांब सुईने तो डोक्याच्या आरपार कानामागे काढायचा, ताणून खोबण पाडायची आणि गाठ मारायची. अस्वलाच्या चेहऱ्यावरचा सगळा भाव या एका ओढीवर ठरतो. शेवटी पोटाला वजन यावं म्हणून बरेच जण पोलादी छर्रे किंवा काचेचे मणी भरतात.

आता दात येत असलेलं बाळ डोळ्यांपुढे आणा. ते पहिल्यांदा काय करील? अस्वल तोंडात घालील आणि जे टणक लागेल ते चावील. दोरा लाळेने भिजणार, रोजच्या ओढाताणीने सैल होणार. एक दिवस काचेचा डोळा तारेसकट सुटला, तर तो बाळाच्या तोंडातच सुटलेला असेल. शिवण उसवली तर छर्रे बाहेर येतील. सांध्याचं कापड फाटलं तर पिनेचं टोक वर येईल. मोहेर नैसर्गिक आहे, याचा बाळाच्या घशात अडकलेल्या डोळ्याशी काडीइतकाही संबंध नाही.

लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी म्हणजे सरकारी कटकट, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कशी होते ते पाहावं. खेळण्यातून सुटणारा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात टाकतात. नळकांड्याचा तळ तिरका असतो आणि खोली 25.4 ते 57.1 मिलिमीटर असते. हे माप लहान मुलाच्या घशावरून ठरलेलं आहे. भाग त्यात पूर्ण मावला, तर तो गुदमरवू शकतो. युरोपातल्या ईएन 71 या मानकात 6 मिलिमीटरहून मोठ्या डोळ्याला 90 न्यूटन इतकी ओढ दिली जाते, म्हणजे साधारण 9 किलो वजन टांगल्यासारखी, आणि तरी तो सुटता कामा नये. शिवणींची वेगळी चाचणी, पेट घेण्याची वेगळी, रंगातल्या घातक धातूंची वेगळी. ‘मी दोरा दोनदा ओवला आहे’ हे या कशाचंच उत्तर होत नाही. डोळ्याला वजन लावून घरी ओढून पाहणं चांगलंच, प्रत्येक कारागिराने ते करावं. पण तेवढ्यावर ‘तपासलेलं आहे’ असं लिहू नये.

यावर लगेच एक मुद्दा पुढे केला जातो. पूर्वीची मुलं याच अस्वलांशी खेळली, त्यांना काय झालं? खेळली, हे खरंच आहे. जर्मनीतल्या गिंगेन गावी श्टाइफ कंपनीत रिचर्ड श्टाइफ यांनी 1902 मध्ये हातपाय हलणारं मोहेरचं अस्वल केलं, ते मुलांसाठीच होतं. विनी-द-पूच्या गोष्टी ज्याच्यावरून सुचल्या ते अस्वलही लंडनच्या हॅरॉड्समधून 1921 मध्ये घेतलेलं आणि लेखकाच्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, पहिल्या वाढदिवसाला दिलेलं. पण तेव्हाच्या किती मुलांना दुखापत झाली याची नोंद कोणी ठेवली? जी मुलं सुखरूप मोठी झाली, त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत आल्या. शिवाय हा धंदा स्वतःच बदलला आहे. ब्रिटनमधल्या वेंडी बॉस्टन कंपनीने 1940च्या दशकाच्या अखेरीस मागून पक्के बसणारे प्लास्टिकचे डोळे आणले आणि 1954 मध्ये यंत्रात धुता येणारं अस्वल बाजारात आणलं. तारेचे डोळे मुलांसाठी ठीक असते, तर ही खटपट कोणी केली असती?

आणि हे प्लास्टिकचे ‘सेफ्टी’ डोळेही नावामुळे सुरक्षित होत नाहीत. मागची चकती पूर्ण दाबून बसलेली नसली किंवा भोकाभोवतीची वीण सैल असली, तर डोळा चकतीसकट बाहेर येतो. तपासायचं असतं ते पूर्ण झालेलं खेळणं. सुटा डोळा तपासून काही कळत नाही.

पाळण्याचं म्हणाल, तर तिथे मोहेर की पॉलिस्टर हा प्रश्नच उरत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी यांतलं काहीही असू नये. बाळाचं नाक-तोंड त्यात दबू शकतं. कितीही महाग, कितीही प्रेमाने शिवलेलं अस्वल या नियमाला अपवाद नाही.

आता विक्रेत्यांचा लाडका समज. ‘हे खेळणं नाही’ अशी चिठ्ठी लावली की आपण मोकळे, असं मानलं जातं. युरोपीय संघाच्या 2009च्या खेळणी-सुरक्षा निर्देशात संग्राहकांसाठीच्या वस्तूंना सूट आहे हे खरं. त्यासाठी वस्तूवर किंवा वेष्टनावर ती 14 वर्षं आणि त्यापुढच्या संग्राहकांसाठी आहे, असं ठळक दिसेल असं लिहावं लागतं. पण वस्तू कशी दिसते, कुठे आणि कोणासाठी म्हणून विकली जाते, हेही पाहिलं जातं. कवेत घ्यायची साधी मऊ खेळणी तीन वर्षांखालच्या मुलांची धरूनच तपासली जातात. जाहिरातीत अस्वलाशेजारी रांगतं बाळ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘फक्त संग्राहकांसाठी’, हे चालत नाही. कायद्याचं सोडा, माणूस म्हणूनही चालू नये.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सवलत मिळाली. ती मिळालीच पाहिजे होती, कारण प्रत्येक नगाच्या तपासणीचा खर्च घरगुती कारागिराला झेपणारा नाही. मात्र ही सवलत दाखवून ‘आमचं अस्वल सरकारमान्य सुरक्षित आहे’ असं सांगणारे ग्राहकाची दिशाभूल करतात. त्या अस्वलाची तपासणी झालेली नाही, एवढाच त्या सवलतीचा अर्थ. काचेचा डोळा सवलतीनंतरही काचेचाच राहतो.

बाकीचे समज थोडक्यात.

गैरसमज: मोहेर सशापासून मिळते.
वस्तुस्थिती: मोहेर अंगोरा बकरीची असते. अंगोरा सशाची लोकर वेगळी आणि पश्मिना देणारी बकरीही वेगळी. जगातली जवळपास निम्मी मोहेर दक्षिण आफ्रिकेतून येते.

गैरसमज: बकरी मारून कातडं काढतात.
वस्तुस्थिती: वर्षातून साधारण दोनदा केस कातरतात, मग सूत कातून कापड विणतात. अस्वलाच्या कापडाच्या मागे कातडं नसतं, सुती वीण असते. उलटून पाहिलं की दिसते. म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शेतांवर बकऱ्यांना क्रूरपणे हाताळल्याची चित्रफीत पेटा या प्राणिहक्क संस्थेने प्रसिद्ध केली आणि एच अँड एम, झारा यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांनी मोहेर वापरणं थांबवायचं ठरवलं. त्यानंतर 2020 मध्ये टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने जबाबदार मोहेरचं मानक आणलं. कापड कुठून आलं, हे विक्रेत्याला जरूर विचारा.

गैरसमज: मोहेर पेटत नाही.
वस्तुस्थिती: मोहेरचा तंतू सहज पेट घेत नाही. पण खालची वीण सुती असते आणि आत लाकडाचे बारीक काप किंवा कापूस असतो. ते पेटतात.

गैरसमज: आत भुसा भरलेला असतो.
वस्तुस्थिती: जुन्या जर्मन अस्वलांत लाकडाची लोकर असते, म्हणजे लाकडाचे लांब, बारीक, कुरळे काप. ब्रिटिश कारागिरांनी 1920च्या दशकात कपोक वापरायला सुरुवात केली. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, आपल्या काटेसावरीच्या जवळच्या झाडाचा.

गैरसमज: मळलं की वॉशिंग मशीनमध्ये टाकावं.
वस्तुस्थिती: हार्डबोर्डच्या चकत्या फुगतात, पिना गंजतात, भरणाचे गोळे होतात. साबणाचा फक्त फेस घेऊन लव वरच्यावर पुसावी आणि पंख्याखाली वाळवावी.

गैरसमज: काचेच्या कपाटात ठेवलं की काळजी मिटली.
वस्तुस्थिती: मोहेर हे प्रथिन आहे, त्याला कसर लागते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते, आतले छर्रे गंजून कापडावर डाग येतात. अधूनमधून बाहेर काढा, झटका, शिवणी पाहा. कसर दिसली तर घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवा.

गैरसमज: आज घेतलेलं अस्वल उद्या लाखाला जाईल.
वस्तुस्थिती: 1994 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ‘टेडी गर्ल’ हे श्टाइफचं अस्वल 1,10,000 पौंडांना गेलं, त्याची बातमी झाली, आणि तेव्हापासून हे स्वप्न विकलं जातंय. ते अस्वल विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं होतं आणि ते कोणाचं होतं, याचा पुरावा सोबत होता. नवं अस्वल आवडलं म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

गैरसमज: बाजारात पाचशेला मिळतं त्याचे इतके पैसे कसले?
वस्तुस्थिती: मोहेरचं कापड महाग असतं, आणि नाकाभोवतीची लव कातरून, नाक भरून, डोळे बसवून एक चेहरा जमायला कसबी हाताचे कित्येक तास जातात. कारागिराने किमतीबद्दल माफी मागू नये.

पण किंमत ताठ मानेने सांगायची, तर बाकीचंही तितकंच ताठ मानेने सांगायला हवं. करणाऱ्याने प्रत्येक अस्वलासोबत लिहून द्यावं: डोळे कशाचे, सांधे कसले, आत काय भरलं, कोणत्या वयासाठी. बाळासाठीच हवं असेल, तर वेगळं अस्वल शिवावं: सांधे नसलेलं, डोळे आणि नाक दोऱ्याने भरलेलं, छऱ्यांऐवजी धुता येणारं भरण घातलेलं, लव नसलेल्या सुती कापडाचं, आणि मुलांचं खेळणं म्हणून विकण्याआधी त्याची रीतसर तपासणी करून घ्यावी. घेणाऱ्याने हेच चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळालं नाही तर अस्वल परत ठेवावं. बारशाला आलेलं मोहेरचं अस्वल घरात आधीच असेल, तर ते आई-बाबांच्या कपाटात ठेवा. मूल मोठं होऊन त्याची किंमत कळण्याच्या वयात आलं की त्याच्या हाती द्या.