परतीचा विचार आधी

शनिवारी रात्री उशिरा दादर स्थानकाच्या फलाटावर पाठीवर पिशव्या बांधलेल्या तरुणतरुणींचे घोळके नेहमी दृष्टीस पडतात. कोणी गिरगावातले, कोणी लालबाग-परळचे. कर्जतच्या अथवा कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीने ते निघतात आणि सकाळी राजमाची, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई यांच्या पायथ्याशी पोहोचतात. चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या जिवाला सह्याद्रीचा मोकळा वारा लाभावा, यात अनुचित असे काहीच नाही. परंतु दर पावसाळ्यात डोंगरातील अपघातांच्या वार्ता येतात आणि त्यांपैकी पुष्कळ अपघात दैवाने नव्हे, तर अविचाराने ओढवलेले असतात. जाण्याचा बेत सर्वजण हौसेने आखतात. परतण्याचा मात्र क्वचितच कोणी आखतो. संकटाचे मूळ बहुधा येथेच असते.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवावी. कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबतीला कोण आहेत आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करावा, एवढ्या चार गोष्टी तीत असाव्यात. 'राजमाचीला गेला आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही. त्या गडावर कर्जतकडून कोंडाणे लेण्यांच्या बाजूने खडी चढण आहे, तर लोणावळ्याकडून लांबची, पण सौम्य वाट आहे. शोधणाऱ्यांनी कोणत्या बाजूने जावे, हे त्या चिठ्ठीवरूनच ठरेल. खिशातल्या फोनवर सारी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे. दऱ्याखोऱ्यांत संपर्क तुटतो आणि रात्री त्याची वीजही संपते. संपर्क असेल तेथे ११२ हा संकटकाळचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि घळीत अंधार त्याहून आधी दाटतो. यास्तव परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवावी आणि ती झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे वळावे. उतरण चढणीहून सोपी, हा भ्रम आहे. थकलेले गुडघे आणि घसाऱ्याची वाट यांची गाठ उतरतानाच पडते. प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी, विजेरी, शिट्टी, जलसंजीवनीच्या पुड्या आणि एका जेवणापुरत्या जास्तीच्या दशम्या असाव्यात. विजेरी दिवसाच्या सहलीतही न्यावी. रात्र झाल्यावर ती आणावयास कोणी घरी जाऊ शकत नाही.

पावसाळ्यातील ओढ्यांचा स्वभाव ओळखणे फार अगत्याचे आहे. खाली ऊन असते, वर माथ्यावर मात्र पाऊस कोसळत असतो. मग पाणी एकाएकी गढूळ होते, काटक्या-पाला वाहून येतो, घरघर ऐकू येते आणि पाहता पाहता ओढा चढतो. ही चिन्हे दिसताच पात्र सोडून उंचावर जावे. गुडघ्यावर पोहोचलेले वेगवान पाणी ओलांडू नये. डोंगरातील लहान ओढा जसा झपाट्याने चढतो, तसाच पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ काठावर बसून राहणे, हाच पार होण्याचा खरा मार्ग होय.

वाट चुकल्यास 'पाण्याच्या मागोमाग खाली गेले की गाव लागते' असे पुष्कळांस वाटते. सह्याद्रीत ही समजूत घातक ठरते. येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी रचल्यासारखे आहेत. त्यामुळे सपाटीवरून शांतपणे वाहणारा ओढा पुढे उभ्या कड्यावरून शेकडो फूट खाली उडी घेतो आणि त्याच्यामागे गेलेला माणूस निसरड्या कातळावर अडकतो; ना खाली, ना वर. धुक्यात वाट हरवली तर थांबावे, सर्वांनी एकत्र राहावे आणि थांबून थांबून तीन-तीन शिट्ट्या द्याव्यात. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत नक्की परतता येत असेल, तरच पाऊल उचलावे. पायथ्याच्या गावातील वाटाड्या सोबत घेतल्यास हा प्रसंग सहसा येतच नाही.

मुक्कामाची जागा उजेडातच निवडावी. कड्याची धार, कोरडे ओढापात्र, दगड सुटणारी दरड आणि एकटे उभे झाड या चार जागा वर्ज्य समजाव्यात. कड्याला आग्यामोहोळ असेल तर जवळपास धूर करू नये. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्यांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून बंद तंबूत निजावे, बूट झटकून घालावेत आणि विजेरीवाचून अंधारात पाऊल टाकू नये.

सर्पदंश झालाच, तर जखम चिरू नये, चोखू नये, वर करकचून दोरी बांधू नये. अंगठ्या-कडी काढावी, तो अवयव फळीला बांधून निश्चल ठेवावा, रोग्यास चालवू नये, धीर द्यावा आणि थेट रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. साप मारून नेण्याची गरज नसते. १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी परळला आलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. घोड्यांच्या रक्तद्रवापासून हे प्रतिविष बनविण्याच्या कामाशी तिचे नाव दीर्घकाळ निगडित आहे. परळच्या घरांतून डोंगरावर जाणाऱ्यांचा एक रक्षक असा त्यांच्याच शेजारी सिद्ध होत आला. परंतु तो वेळेवर पोहोचलेल्यालाच वाचवितो.

गड शेकडो वर्षे जागचे हललेले नाहीत. पुढच्या रविवारीही ते तेथेच असतील. माथा न गाठता परतलेल्या मुलाची घरात कोणी थट्टा करू नये. दाराशी चपला वाजल्या, आणि ताकावर ठेवलेली ती चिठ्ठी आईने शांतपणे फाडून टाकली, म्हणजे सहल खऱ्या अर्थाने पुरी झाली.